तिसरा ‘जी’

“दाढीकडं काय बघतेस, वहिनी? दाढी बोकडालाही असते. मान बघ, मान!”

“मानेत काय बघायचं, वन्सं? बैलाची दिसतेय मला तर.”

“बास, तेच ऐकायचं होतं. बैलाचीच आहे. पण बैल एकाच्या गोठ्यातला आणि नाव दुसऱ्याचं.”

वहिनी चहाचा कप ठेवायला टेबलावर जागा शोधत होती. जागा कुठली? एका वाटीत राजे भिजत पडलेले, दुसऱ्या वाटीत निथळत पडलेले, ट्रेमधल्या फडक्यावर चार-पाच पालथे घातलेले. शेवटी तिनं कप वन्संच्या हातात दिला आणि त्यांच्या हातातलं नाणं आपल्या हातात घेतलं.

“आता उलटव. फांदी घेतलेली बाई दिसते ना? ती शांती. तिच्याभोवती अक्षरं आहेत ती वाच.”

“ती मुंग्यांची रांग? मला नाही वाचता येत.”

“सगळी नको वाचूस. ए, व्ही, जी, एवढीच वाच. त्याचा अर्थ महाराज. आता जी किती आहेत ते मोज.”

वहिनीनं भिंग लावलं, एक डोळा मिटला, जीभ दातांत धरली. “एक, दोन... आणि हा तिसरा. तीन.”

“जितके जी तितके राजे. एक जी असला तर राजा एकटा. दोन असले तर दोघं मिळून राज्य करतायत. ह्या नाण्यावर डोकं डायोक्लेशनचं, नाव त्याचंच. त्याच्या वेळेला रोमला राजे होते दोन, तो आणि मॅक्सिमियन. मग हा तिसरा जी आला कुठून?”

“कोरणाऱ्याचा हात घसरला असेल.”

“दादाही हेच म्हणणार! अगं, समुद्रापलीकडं एक कॅरॉशियस होता. आरमाराचा सरदार. तिकडं गेला आणि आपला आपणच राजा होऊन बसला. ह्या दोघांनी काही त्याला मानलं नाही. मग ह्या गड्यानं काय करावं? आपल्या टाकसाळीत स्वतःच्या डोक्याची नाणी पाडलीच, वर त्या दोघांच्या डोक्यांचीही पाडली, आणि मागं तीन जी घातले. आपण तिघं भाऊ भाऊ, तिघांत शांती!”

“आणि ते दोघं काय म्हणाले?”

“काय म्हणतात! त्यांच्या नाण्यांवर दोन जींचे तीन काही झाले नाहीत. आता तिकडचा कारागीर रोज कॅरॉशियसची बैलमान कोरून बसलेला. त्याला सांगितलं, आज डायोक्लेशन कोर. त्यानं नाव कोरलं, दाढी कोरली, मान मात्र सवयीची उतरली. डोकं एकाचं, टाकसाळ दुसऱ्याची.”

वहिनीनं नाणं परत दिलं आणि म्हणाली, “आपल्या घराचं नाणं पाडलं तर किती जी घालायचे हो?”

“दुकानाच्या पाटीवर ‘बंधू’ लिहिलंय. दोन.”

“आणि घरात ‘जी जी’ करणारी बहीण एक. ती धरली तर तीन.”

दोघी हसल्या. मग वहिनीनं मागं वळून दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. “वन्सं, मी सांगितलं असं सांगू नका. ही तीस नाणी घेऊन संग्रहालयाच्या मॅडम आल्या, तेव्हा काय बोलल्या ते ह्यांनी सांगितलं का तुम्हाला?”

“गुरुवारपर्यंत चिठ्ठ्या पाहिजेत म्हणाला.”

“एवढंच? मी चहा घेऊन उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय. मॅडम म्हणाल्या, आमच्याकडं आठ हजार नाण्यांचं मडकं सापडलंय. पाण्याच्या टाकीचा पाया खणताना निघालं. ह्या तीस नाण्यांच्या चिठ्ठ्या जो बरोबर लिहील, त्याला मी घेऊन जाणार. दीड वर्ष. राहायला खोली, कामाला खिडकीजवळचं टेबल, आणि शेवटी पुस्तक निघेल त्यावर त्याचं नाव.”

“मग दादा काय म्हणाला?”

“बघतो म्हणाले. अजून बघतायत.”

भिंगीनं चहा पिऊन टाकला. चहा गार झाला होता की गरम होता, तिला कळलं नाही.

भिंगी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. नाण्यांच्या बाजारात तिला ते पडलं, आणि घरातही तेच रुळलं. वय पंचेचाळीस. बोटांची टोकं हिरवट, कितीही घासली तरी तांब्याचा वास न जाणारी. लग्नाचं एकदा जमत आलं होतं. मुलगा बघायला आला, बोलला चांगला. ही त्याच्या तोंडाकडं इतकी निरखून बघत राहिली की तो घाबरला. नंतर आईनं विचारलं, कसा वाटला? ही म्हणाली, “नाक बरं आहे, हनुवटी नंतर कुणीतरी दुरुस्त केल्यासारखी वाटते.” ते लग्न तिथंच मोडलं. दुसरं काही आलं नाही, आणि हिनं वाटही बघितली नाही.

दुकान दोघा भावांचं. धाकटा गावोगावच्या बाजारांत फिरून माल उचलायचा; महिन्यातले वीस दिवस बाहेर. थोरला दादा काउंटरवर. पुढं काचेची कपाटं, मखमलीचे खण, भिंतीवर घड्याळ. मागची खोली दहा बाय आठ, खिडकी नाही, छताजवळ पंखा बसवलेलं एक भोक. तिथं टेबल, त्यावर मान मोडून वाकलेला दिवा, वजनकाटा, भिंग, आणि मळ काढायला लाकडाच्या मुठीत बसवलेले काटे. खरे, झाडाचे काटे. सुईनं तांब्याला ओरखडा पडतो, काट्यानं पडत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चार नाणी खराब करून ती शिकली होती.

ह्या खोलीच्या दाराची कडी दुकानाच्या बाजूला. पूर्वी एकदा एक गिऱ्हाईक ‘बाथरूम कुठंय’ म्हणत आत शिरलं आणि दोन चांदीची नाणी खिशात घालून गेलं. तेव्हापासून दुकानात माणूस आला की दादा कडी लावायचा. चोरासाठीच लावायचा, पण कडीला काय कळतं, आत कोण आणि बाहेर कोण? भिंगीनं दारावर दोन ठोके मारले की चिठ्ठी तयार, आणि तीन मारले की पोट बिघडलंय असं समजायचं. एकदा दादा गिऱ्हाइकाशी बोलण्यात रंगला आणि तिला तीन ठोके अकरा वेळा मारायला लागले. ही गोष्ट धाकटा अजून पाहुण्यांना हसत हसत सांगतो. भिंगीही हसते. त्या दिवशी मात्र ती हसली नव्हती.

ती दुकानात आली ती झाडू-पोछा करायला, एकोणिसाव्या वर्षी. नाण्यांच्या याद्यांची जाड पुस्तकं दादानं आणली होती, पण ती उघडायचा त्याला कंटाळा. तो माणूस बोलण्यातला. गिऱ्हाइकाला खुर्चीवर कसं बसवायचं, भाव सांगण्याआधी किती वेळ गप्प राहायचं, ह्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुस्तकं भिंगीनं उघडली. अक्षरं आधी चित्रासारखी ओळखली, मग वाचली. दोन वर्षांत अशी वेळ आली की अर्धं झिजलेलं डोकं असलं तरी ती कानाच्या पाळीवरून, केसांच्या गाठीवरून राजा सांगायची. अक्षरं पार गेलेली असली तर नाणं बोटावर घेऊन डोळे मिटायची. दादा गिऱ्हाइकाला म्हणायचा, “आमच्या बहिणीचे डोळे बोटांत आहेत.” त्या काळात तो असं म्हणायचा. चिठ्ठीवर सही तेव्हा तिची असायची.

मग ते मुलाम्याचं नाणं आलं.

बावीस वर्षं झाली त्याला. एक म्हातारे डॉक्टर नाणं साफ करायला ठेवून गेले. वर करडा, मळकट थर. भिंगीला वाटलं, मातीचा मळ. तिनं नाणं लिंबाच्या रसात घातलं आणि जेवायला गेली. त्या काळातल्या तांब्याच्या नाण्यांना चांदीचा पातळ मुलामा असायचा. बहुतेकांचा गेलेला असतो, ह्या एकाचा पुरा टिकला होता, म्हणून तर डॉक्टर ते जिवापाड जपत होते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, तसली ती नाणी; पण सतराशे वर्षं टिकलेला कथलाचा वाळाही सोन्याच्या तोलाचा असतो. जेवून येऊन बघते तर वाटीत लालभडक तांबं, कल्हई उडालेल्या पातेल्यासारखं. मळ नव्हता तो. चांदी होती.

डॉक्टर आले, त्यांनी नाणं हातात घेतलं आणि मटकन खाली बसले. भिंगी दाराआड उभी होती. आणि दादा पुढं झाला. काउंटरच्या काचेवर दोन्ही हात टेकले, मग जोडले, आणि म्हणाला, “डॉक्टर, माझ्या हातून झालं. मी घातलं लिंबात.” डॉक्टर त्याला वाट्टेल ते बोलले. गाढव म्हणाले. भरल्या बाजारात दादानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, तिचं नाव एकदाही निघू दिलं नाही.

रात्री फक्त म्हणाला, “भिंगी, आता काही दिवस चिठ्ठीवर माझीच सही जाऊ दे. लोक माझ्याकडं बघतील, तुझ्याकडं नको.”

ते काही दिवस अजून संपले नाहीत. चूक त्यानं आपल्या नावावर घेतली, आणि तेव्हापासून बरोबरही त्याच्याच नावावर जायला लागलं. ह्याला कुणी लबाडी म्हणेल तर तसंही नाही. भिंगीला स्वतःलाच ते योग्य वाटायचं. पहिली पाच वर्षं तर फार वाटायचं.

मडक्याची गोष्ट ऐकल्यावर तिनं दोन दिवसांत एकोणतीस चिठ्ठ्या लिहिल्या. राजा, वर्ष, टाकसाळ, वजन, दोन ओळी वर्णन, आणि शेवटी ‘कशावरून’ म्हणून एक ओळ. ती ओळ हिचीच पद्धत. बाजारातल्या बाकीच्या चिठ्ठ्यांत नुसता निकाल असतो, ह्या दुकानाच्या चिठ्ठीत साक्षीपुरावा असतो. मॅडम इतक्या लांबून ह्या दुकानात आल्या त्या ह्या ओळीमुळंच, एवढं भिंगीला कळत होतं.

तिसावं नाणं पुढ्यात ठेवून ती बसली. बैलमान आणि तीन जी. हे मडक्यातलं नव्हतं, मॅडमनी आपल्या कपाटातलं मुद्दाम घुसवलं होतं. मळाचा रंगच वेगळा. म्हणजे परीक्षा ह्या एकाचीच होती.

बरोबर लिहावं, तर दादा पास होणार. चुकीचं लिहावं, तर दादा नापास आणि आपणही इथंच; शिवाय ह्या नाण्यावर भलत्याचं नाव बसणार, आणि तेवढं पाप तिच्या हातून होण्यासारखं नव्हतं. माणसाशी ती खोटं बोलली असती. नाण्याशी नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. बुधवारी जेवताना तिनं दादाला विचारूनही पाहिलं, “मॅडम आणखी काही म्हणाल्या का रे?”

दादानं भाताचा घास गिळला. “कशाबद्दल?”

“असंच. मडक्याबद्दल.”

“त्यांना माणूस हवाय तिकडं.” तो ताटातच बघत होता. “तुला काय तिकडं जमणार? एकटी, परक्या ठिकाणी. आणि इकडं मी काय करू गं? मला तर नीरो आणि त्याची आई सारखीच दिसते.”

तो हे हसत म्हणाला. पण त्याचा घास हातातच राहिला, आणि भिंगीला पहिल्यांदा कळलं की हा माणूस घाबरलाय. आपण खोलीत कोंडलेल्या, तसा हा काउंटरवर कोंडलेला. ह्याच्याकडंही दुसरं काही नाही.

गुरुवारी सकाळी तिनं तिसावी चिठ्ठी लिहिली. राजा कॅरॉशियस, डोकं डायोक्लेशनचं. वर्ष, टाकसाळ, वजन. ‘कशावरून’ ही ओळ मात्र कोरी ठेवली. दादा चिठ्ठ्या कधी वाचत नाही, नुसत्या सह्या करतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती काही बोलणार नव्हती. विचारलं तर सांगणार होती, एवढंच. विचारायचं काम तिनं मॅडमवर सोडलं.

मॅडम अकराला आल्या. दादानं नेहमीप्रमाणं कडी लावली. भिंगी दाराला कान लावून उभी राहिली. चिठ्ठ्यांची पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग मॅडम म्हणाल्या, “एकोणतीस उत्तम. तिसावीही बरोबर. पण इथं कशावरून ते लिहिलं नाही.”

“राहिलं वाटतं,” दादा म्हणाला.

“मग तोंडी सांगा.”

“अनुभवावरून.”

“अनुभवाला किती जी असतात?”

 दादाला हा चावटपणा वाटला की चौकशी, कोण जाणे.  मग कडी वाजली. दार उघडलं आणि दादा म्हणाला, “भिंगी, ते जाड पुस्तक आण जरा.” कपाळावर घाम. डोळे मात्र पुस्तक मागत नव्हते.

भिंगी पुस्तक घेऊन बाहेर आली. उजेडानं तिचे डोळे दिपले. मॅडम पन्नाशीच्या, केस कापलेले, बोटांची टोकं हिरवट. भिंगीनं सगळ्यात आधी ती बोटं बघितली. मॅडमनीही हिची बघितली.

“पुस्तक राहू द्या,” मॅडम म्हणाल्या. “हे नाणं कुणाचं?”

आणि भिंगी सुटली. तीन जी सांगितले, मान सांगितली, रोज एकच डोकं कोरून बसलेला कारागीर सांगितला, शांतीच्या हातातली फांदी कॅरॉशियसच्या टाकसाळीत कशी आखूड निघते तेही सांगितलं. बोलताना नाणं कधी हातात घेतलं ते तिलाच कळलं नाही.  शेवटी मॅडम नुसत्या म्हणाल्या, “म्हणजे ह्या चिठ्ठ्या तुम्ही लिहिता.”

एक ‘हो’ म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. दादा काउंटरच्या काचेवर दोन्ही हात टेकून उभा होता, अगदी डॉक्टरांसमोर उभा राहिला होता तसा, आणि तिच्याकडं बघत नव्हता. बघितलं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

गिऱ्हाइकानं असं काही विचारलं तर काय सांगायचं, ते घरात केव्हाच ठरलेलं होतं. ह्या बावीस वर्षांत ते इतक्यांदा सांगून झालं होतं की जिभेला त्याची चाकोरी पडली होती. तेच वाक्य आपोआप बाहेर आलं. “दादा सांगतो, मी लिहिते.”

मॅडमनी नाण्याकडं बोट केलं. “आत्ताची ही मान, ही फांदी, तेही त्यांनीच सांगितलं?”

पहिलं तोंडातून निसटलं होतं. ह्या वेळेला मात्र तिनं विचार केला. पुरता श्वासभर केला. आणि म्हणाली, “हो.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्यांना कळलं होतं, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. पण समोरची बाई दोनदा भावाचंच नाव सांगते, त्याच्यापुढं परका माणूस काय करणार? त्या दादाकडं वळल्या. दादाचा आवाज परत आला होता. तो म्हणाला की दुकान टाकून दीड वर्ष यायला जमायचं नाही, पण नाणी इकडंच पाठवा, इथं बसून सगळं करून देऊ. मॅडमकडंही दुसरा माणूस नव्हता. त्या हो म्हणाल्या. उठताना दादा मोठ्या मनानं म्हणाला, “पुस्तकावर हिचंही नाव घाला हं मॅडम. खाली कुठंतरी. लेखनसाहाय्य म्हणून.”

दुपारी वहिनी ताट घेऊन आत आली ती धुमसतच. “तोंडात काय गुळणी धरली होती का हो? मी तिकडं देवाला हात जोडून उभी!”

“त्यानं तेव्हा माझ्यासाठी जोडले होते.”

“ते ठेवा तुमच्याजवळ! एका नाण्याचा मुलामा उडवलात आणि बदल्यात अख्खी टाकसाळ देऊन बसलात. फिटलं नाही अजून?”

“ते कधीच फिटलं,” भिंगी म्हणाली. “त्याच्यासाठी नाही बोलले मी तसं. दुसऱ्यांदा विचारलं ना त्यांनी, तेव्हा डोळ्यापुढं सगळ्या चिठ्ठ्या आल्या. बावीस वर्षांच्या. किती घरांत, किती कपाटांत गेल्या असतील. मी खरं सांगितलं असतं की दुसऱ्या दिवशी बाजारभर बोंब झाली असती, ह्या दुकानाची सही खोटी. मग लोक चिठ्ठ्या फाडून टाकणार. त्यात लिहिलेलं खरं आहे गं, वहिनी. शब्द न् शब्द खरा आहे. सही तेवढी खोटी.”

 वहिनीनं ताट पुढं सरकवलं. “जेवा. थंड होतंय.”

“तू म्हणालीस ते बरोबर आहे पण,” भिंगी घास मोडत म्हणाली. “मूर्खच आहे मी.”

“मी मूर्ख नाही म्हटलं.”

“म्हणणार होतीस.”

“म्हणणार होते,” वहिनी म्हणाली.

बारा दिवसांनी मडकं आलं. मडकं म्हणजे मडकं नव्हे. ते फुटलं होतं. खापरं मॅडमनी ठेवून घेतली आणि नाणी सहा लाकडी खोक्यांत पाठवली. दोन हमालांनी ती मागच्या खोलीत आणून रचली, तर खुर्ची सरकवायलाही जागा उरली नाही. भिंगीला टेबलाशी जायचं तर आता पोट आत ओढून आडवं जावं लागे. धाकटा नेमका घरी होता. म्हणाला, “ताई, आता तू बाहेर येऊच नकोस, जेवण वरच्या भोकातून सोडतो.” सगळे हसले.

भिंगीनं पहिलं खोकं उघडलं. भुसा बाजूला केला आणि मुठीएवढा एक गोळा बाहेर काढला. चाळीस-पन्नास नाणी एकमेकांना चिकटून हिरव्या दगडासारखी झालेली. तिनं तो कानाशी नेऊन हलवला, नाकाशी नेला, दिव्याखाली फिरवला. कडेला एका नाण्याचं अर्धं डोकं वर आलं होतं. मुकुटाचे तीन किरण, एक कान, आणि शेजारच्या पालथ्या नाण्यावर एक जी. दुसरा आत दबलेला असेल किंवा नसेलही.

“वहिनी,” तिनं हाक मारली, “मोठी परात आण. आणि पाणी बाटलीतलं आण, नळाचं नको.”

परात आली. तिनं गोळा पाण्यात सोडला, बुडबुडे येऊन थांबेपर्यंत बघत राहिली, कोऱ्या चिठ्ठीवर ‘खोकं एक, गोळा एक’ असं लिहिलं आणि काट्याचं टोक पाजळायला घेतलं.